टेम्पोच्या मागं

"स्कुटी टेम्पोच्या पुढं जायची न्हाई. का म्हून इचारायचं न्हाई."

हा आमच्या रॅलीचा नियम. आप्पांनी तो मला पहिल्यांदा सांगितला तेव्हा मी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होते. कॉलेजात तीन वर्षं एकच गोष्ट डोक्यात भरवलेली, की आधी 'का' विचारा. मी लगेच विचारलं, "का?"

आप्पा म्हणाले, "आत्ता काय सांगितलं?"

आप्पा म्हणजे माझे थोरले चुलते. वडगाव रासाईत आमचं एकत्र कुटुंब, आणि घरातल्या सगळ्या गाड्या आप्पांच्या नावावर. ट्रॅक्टर, बाबांची मोटारसायकल आणि माझी स्कुटीसुद्धा. मी कुरकुंभला औषधांच्या कारखान्यात लॅबमध्ये आहे. फर्स्ट शिफ्टला पहाटे स्कुटीनं चौफुल्यापर्यंत जायचं, तिथून कंपनीची बस. त्या वेळेला आमच्या गावातनं एसटी नाही. म्हणजे किल्ली आहे तर नोकरी आहे. आणि नोकरी नसेल तर काय, ते आमच्या घरात सगळ्यांचं कधीच ठरलंय. पाहुणे बघायला येणार!

ही किल्ली या नियमापायी जायची वेळ आली. ते शेवटी सांगते. आधीचं सांगितल्याशिवाय ते कळणार नाही. स्कुटीच्या डिकीत कसं, रेनकोट, पाना, कुणाचा तरी रुमाल, दोन वर्षांपूर्वीची पावती, कधी साठलं ते कळत नाही, आणि एक दिवस सीट बंदच होत नाही! आमच्या रॅलीचे किस्से असेच साठलेत.

रॅली शिवजयंतीची. दरवर्षी सकाळी दौंडहून निघते, चौफुल्याला वळते, पारगावच्या पुलावरून भीमा ओलांडते आणि न्हावऱ्यावरून शिरूरला पोचते. वाटेतल्या प्रत्येक गावातनं गाड्या येऊन मिळतात. शिरूरला पोचेपर्यंत मागंपुढं नजर पुरत नाही. सगळ्यात पुढं आप्पा, बुलेटवर, फेटा बांधून. त्यांच्यामागं शेकडो मोटारसायकली. मग पोपटचा टेम्पो. आणि टेम्पोच्या मागं आम्ही!

* * *

पहिल्या वर्षी आम्ही स्कुटीवाल्या चौघीच होतो. निघायच्या आधी बबनमामा आले. ते रॅलीच्या समितीचे खजिनदार. हातात नारळाचं पोतं. आम्हाला वाटलं शुभेच्छा द्यायला आले.

"तुमच्याकडं पाय ठेवायला मोकळी जागा हाय न्हवं? ठेवा हे."

त्या दिवशी समितीला एक शोध लागला. मोटारसायकलला सगळं असतं, पण सामान ठेवायला जागा नसते. मांड्यांच्या मधे पेट्रोलची टाकी, मागं बसलेला दोस्त, त्याच्या हातात झेंडा. आणि टेम्पोत पाण्याची टाकी, जनरेटर आणि भोंगे. मग नारळ, हार, पेढ्यांचे खोके, जादाचे फेटे, मलमपट्टीचा डबा, सगळं आमच्या पायांत! माझे पाय दौंडपासून शिरूरपर्यंत बाहेर लोंबकळत होते.

मी रेहानाला म्हटलं, "आपण रॅलीत आलोय की हमालीला?"

रेहाना म्हणजे मुनीरमामांची मुलगी. गावात त्यांचं गॅरेज आहे. रॅलीतल्या अर्ध्या मोटारसायकली त्यांच्या हाताखालून गेलेल्या, आणि त्यातल्या निम्म्या खरं तर रेहानाच्या. ती म्हणाली, "आशू, पुढचे सगळे झेंडे घेऊन चाललेत. रॅली आपण घेऊन चाललोय."

* * *

दुसऱ्या वर्षी आप्पा दौंडला माइकवर गाड्या मोजत होते. "वडगावच्या मोटारसायकली बावीस! स्कुट्या पाच!"

मी खालून ओरडले, "सहा!"

आप्पांनी हिशेब चुकल्यासारखं मान उंच करून बघितलं. सहाव्या स्कुटीवर सुमनकाकी. म्हणजे आप्पांची बायको. डोक्यावर हेल्मेट, वरून पदर, पायात पेढ्यांचे खोके.

माइक चालूच होता. "ही... ही कवा शिकली?"

काकी शांतपणे म्हणाली, "तुम्ही सभेला जाता तवा."

आख्ख्या दौंडनं ऐकलं!

मला आठवतंय, काकीला मी ऊस तुटून गेलेल्या रानात शिकवलं होतं. पहिल्या दिवशी ती दोन्ही पाय जमिनीला घासत चालवत होती. मी म्हटलं, "काकी, पाय वर घे, पडणार नाहीस." ती म्हणाली, "पडायचं भ्या न्हाई गं. पाय वर घेतला तर मी लांब जाईन, याचं भ्या वाटतं." मी तेव्हा हसले होते. आता हसत नाही. बावन्नाव्या वर्षी कुणाला पहिल्यांदा कळावं, की आपण लांब जाऊ शकतो?

* * *

तिसऱ्या वर्षी आप्पांची बुलेट सुरू होईना.

विचार करा. दौंडचा चौक. शेकडो गाड्या सुरू, धूर, घोषणा. आणि सगळ्यांच्या पुढं आप्पा किक मारतायत. एक, दोन, दहा. प्रत्येक किकला फेटा एक बोट खाली. शेवटी फेटा भुवयांवर आला. ढकलून बघितली, शिव्या देऊन बघितली. कुणीतरी म्हणालं, "मुनीरमामाला बोलवा!" मुनीरमामा गावाकडं.

"रेहाना हाय की. टेम्पोच्या मागं."

समितीत कुजबुज. पोरगी पुढं आणायची कशी? नियम! मग बबनमामांनीच तोडगा काढला. "स्कुटी जायची न्हाई पुढं. ती चालत गेली तर काय?"

रेहाना चालत गेली. वाकली. टाकीखालचा पेट्रोलचा कॉक फिरवला आणि चालत परत आली. आप्पांनी रात्री बंद केलेला, सकाळी उघडायला विसरले होते. पुढच्या किकला बुलेट धडधडली.

आप्पांनी फेटा वर सरकवला आणि चारचौघांत म्हणाले, "मी बगतच व्हतो, कुणाच्या ध्यानात येतंय का!"

* * *

टेम्पोच्या मागं काय असतं, ते पुढच्यांना माहीत नाही. धूळ असते. टाकीतून सांडलेलं पाणी असतं. धूळ आणि पाणी मिळून काय होतं ते सांगायला बीएस्सी लागत नाही. आम्ही शिरूरला पोचायचो तेव्हा आमचे चेहरे सारवलेल्या भिंतीसारखे.

आणि भोंगे! पोपटचं डोकं दुखतं म्हणून भोंग्यांची तोंडं मागं केलेली. म्हणजे पुढं शेकडो माणसांना काही ऐकू येत नाही आणि मागं आम्हा सहाजणींना सगळं. गाणी असती तर चाललं असतं. पण मधे मधे आप्पांच्या आवाजातली रेकॉर्ड लागायची. "महिला भगिनींनी शिस्तीत, टेम्पोच्या मागं राहावं." दर पाच मिनिटांनी! आम्ही टेम्पोच्या मागं होतो म्हणूनच तर ऐकत होतो!

चौफुल्याला सगळे चहाला थांबले. परत निघालो तर भोंगा गप्प. पोपट खाली उतरून डोकं खाजवत होता. मी रेहानाकडं बघितलं.

"वायर लूज होती," ती म्हणाली. "पूर्ण काढून ठेवली. उगाच शॉर्ट नको व्हायला."

* * *

पण मागं राहिलं की एक गोष्ट कळते. पुढच्यांच्या हातून जे जे पडतं, ते मागच्यांना दिसतं.

चपला पडतात. गॉगल पडतात. एकदा मोबाइल पडला, चालू व्हिडिओ कॉलसकट. पलीकडून बाई विचारतेय, "अहो, आभाळ का दाखवताय?" आम्ही थांबून सगळं गोळा करायचो आणि शिरूरला टेबलावर मांडून ठेवायचो. माणसं यायची, आपापलं घेऊन जायची. थँक्यू वगैरे नाही. जणू वस्तू आपल्या पायांनी चालत आलेली.

एका वर्षी काकीला रस्त्यात दातांची कवळी सापडली. वरची. शिरूरला माइकवरून विचारलं, कुणी हात वर केला नाही. मग पंगत बसली. आम्ही वाढत होतो. बबनमामा, एरवी पंगतीत सगळ्यात मोठ्यानं बोलणारे, तोंड मिटून वरणभात कालवत होते. मटकीला हात नाही.

काकीनं कागदाची एक पुडी त्यांच्या ताटाशेजारी ठेवली आणि पुढं गेली.

दुसऱ्या फेरीला बबनमामांनी मटकी मागितली. तेव्हापासून समितीत आमच्या बाजूनं एक माणूस झाला!

* * *

चौथ्या वर्षी हार.

शिरूरला प्रमुख पाहुणे यायचे होते. कोण ते सोडा, पाहुणे सगळे सारखेच असतात. पुढच्या गाड्या त्या दिवशी जोरात गेल्या. पाहुणे स्टेजवर, आप्पा स्टेजवर, आणि हार माझ्या पायांत. मी अजून न्हावऱ्याच्या अलीकडं, टेम्पोच्या मागं. टेम्पो पंचर.

आप्पांचा फोन आला. "अश्विने, हार कुठंय?"

"माझ्याकडं."

"मग तू कुठंयस?"

"टेम्पोच्या मागं. आणि टेम्पो उभा आहे."

"मग ये की पुढं!"

"नियम आहे ना, आप्पा."

मला माहीत होतं की मी जावं. पण मी गेले नाही. आज सांगते, त्या वेळी मला फार बरं वाटलं होतं. पोपटनं स्टेपनी बसवली, पाणी प्याला, तंबाखू मळली, आणि मग आम्ही निघालो. तोपर्यंत पाहुण्यांनी भाषण सुरू केलं होतं, हाराशिवायच. आम्ही मांडवात शिरलो, तोंडाला चिखल, हातात नारळ, हार, खोके, तेव्हा ते नेमकं म्हणत होते, "माता-भगिनींना पुढं आणल्याशिवाय समाज पुढं जाणार नाही!"

सगळ्या मांडवानं मागं वळून आमच्याकडं बघितलं.

काकी हळूच म्हणाली, "आलो बाबा. सामानासकट."

* * *

आता मागच्या वर्षीचं.

तात्या गावातले सगळ्यात वडीलधारे. एसटीत ड्रायव्हर होते. आयुष्यभर शिरूर डेपोची गाडी चालवली, कधी कुणाला धक्का लागला नाही. रॅलीत त्यांचा मान मोठा. लेकाच्या, दत्तूभाऊंच्या मोटारसायकलवर मागं बसायचं आणि झेंडा धरायचा.

न्हावऱ्याला चहाचा थांबा झाला. पुढच्या गाड्या निघाल्या, टेम्पोही निघाला. दत्तूभाऊ पान आणायला गेले होते, त्यांना उशीर झाला. धावत आले, गाडीवर बसले, म्हणाले, "बसा तात्या." तात्यांनी एक पाय टाकला. दुसरा अजून जमिनीवर. दत्तूभाऊंनी क्लच सोडला.

गाडी गेली. तात्या राहिले!

आम्ही बाजूलाच नारळ परत पायांत रचत होतो, म्हणून बघितलं. ओरडलो. दत्तूभाऊ टेम्पोला ओलांडून पुढं निघूनही गेले होते. तात्यांचं वजन म्हणजे वाळली तुरकाठी. ते नसल्याचं गाडीला कळलं नाही आणि लेकालाही.

तात्यांचं मनगट वाकडं झालं होतं. ते रस्त्यावर बसून म्हणत होते, "काय न्हाई, काय न्हाई." चेहरा मात्र पांढरा पडलेला. ॲम्ब्युलन्सला फोन केला. ती शिरूरहून येणार, आणि शिरूरचा रस्ता आमच्याच रॅलीनं भरलेला! मी दत्तूभाऊंना फोन लावला. उचलला नाही. आप्पांना लावला. उचलला नाही. पुढं घोषणा चालू असतील.

रेहानानं टूलकिटमधनं दोन लांब पाने काढले. एक मनगटाच्या खाली, एक वर, आणि काकीच्या रुमालानं आवळून बांधले. मग तात्यांचाच फेटा सोडला, त्यांना माझ्या मागं बसवलं आणि फेट्यानं दोघांच्या कमरा एकत्र बांधल्या. काकीनं माझ्या पायातले नारळ उचलून स्वतःच्या पायांत घेतले. डाव्या हातातला झेंडा तात्या सोडेनात.

"तात्या, द्या इकडं."

"न्हाई. रॅलीचा हाय."

मी निघाले. टेम्पोच्या मागं जाऊन हॉर्न दिला. पोपटनं आरशात बघितलं, हातानं 'मागं, मागं' केलं. मी हॉर्नवरचं बोट काढलं नाही. त्यानं खिडकीतून डोकं काढलं. "आगं नियम हाय!" आणि मग त्याला तात्या दिसले. टेम्पो रस्त्याच्या कडेला गेला.

पाच वर्षांत मी पहिल्यांदा टेम्पोच्या पुढचा रस्ता बघितला. धूळ नव्हती. दोन्ही बाजूला ऊस, आणि वारा तोंडावर. खोटं कशाला सांगू, तात्या मागं कण्हत होते आणि मला क्षणभर आनंद झाला. त्याची लाज अजून वाटते. पण झाला.

मी गाड्यांच्या कडेकडेनं हॉर्न देत चालले. पोरांना वाटलं गंमत. वाट द्यायचे आणि शिट्ट्या मारायचे. तात्यांच्या डाव्या हातात झेंडा उभा. मधेच दत्तूभाऊंची गाडी लागली. तात्या ओरडले, "आरं दत्त्या!" दत्तूभाऊंनी गॉगलमधनं बघितलं, हसले, मान मागं करून मोठ्यानं म्हणाले, "तात्या, बगा बगा! म्हातारपणी काय हौस!"

नंतर म्हणाले, "तात्या काय बोलंनात. मला वाटलं रुसले."

असं करत मी आप्पांनाही ओलांडलं. त्यांनी हात दाखवला, थांब म्हणून. मी थांबले नाही.

आणि शिरूर आलं.

चौकात कमान. हलगी, ढोल, ओवाळायला ताटं घेतलेल्या बायका, रस्त्यावर अंथरलेली फटाक्यांची लांबलचक माळ. वर जेसीबी उभा, त्याच्या तोंडात झेंडूची फुलं. सगळे रॅलीची वाट बघत होते. आणि त्यांना पहिली गाडी दिसली. तिच्यावर झेंडा!

हलगी कडाडली. माळेला काडी लागली. मी ओरडत होते, "अहो पेशंट आहे! पेशंट!" ढोलाच्या आवाजात कुणाला ऐकू जाणार? जेसीबीनं आख्खा तोंडभर झेंडू आमच्यावर ओतला. एका बाईनं तात्यांना ओवाळलं, मलाही ओवाळलं. तात्या पान्यांत बांधलेला हात वर करून नमस्कार करत होते!

तिथून दवाखाना दोन मिनिटांवर. आम्ही गेलो.

मागून आप्पा आले. हलगीवाले पाणी पीत होते. रस्त्यावर लाल कागदांचा कचरा. जेसीबीचं तोंड रिकामं. आप्पांनी ड्रायव्हरला विचारलं म्हणे, "फुलं कुठायत?"

तो म्हणाला, "पहिली गाडी दिसली की ओता, एवढंच सांगितलं व्हतं."

* * *

दवाखान्यात डॉक्टरांनी पट्टी सोडली तर आतनं पाने निघाले आणि झेंडूच्या पाकळ्या. "कुणी बांधलं?" रेहाना दारात उभी होती, मागून तीही पोचली होती. म्हणाली, "मी." डॉक्टर म्हणाले, "बरोबर बांधलंय." रेहाना पाने पुसून घेऊन गेली. दहा-बारा नंबरचे होते, धंद्याचे!

प्लास्टर वाळेपर्यंत मी तात्यांजवळ बसले. औषधाची गुंगी होती की काय, ते आपणहून बोलायला लागले.

"आशे, तुला ठावं हाय का, स्कुटी मागं का ते?"

मी पाच वर्षं सगळ्या गावाला विचारलं होतं. कुणी म्हणायचं परंपरा, कुणी म्हणायचं शिस्त, कुणी म्हणायचं तुमच्याच काळजीनं.

"पयल्या रॅलीत एकच स्कूटर व्हती," तात्या म्हणाले. "शाळेतल्या गुरुजींची. जुनी. लय धूर सोडायची. मागच्यांचे डोळे चुरचुरायचे. म्हून गुरुजींना म्हणलं, तुम्ही टेम्पोच्या मागं चला. गुरुजी बिचारे हसले आन् गेले मागं."

"मग?"

"मग काय? गुरुजी बदली होऊन गेले. स्कूटर भंगारात गेली. नियम ऱ्हायला."

एका स्कूटरचा धूर. तो विरून वीस-बावीस वर्षं झाली, आणि आम्ही अजून त्याच्या मागं चाललो होतो. आणि आता सगळ्यात जास्त धूर कुणाची गाडी सोडते? आप्पांची बुलेट!

घरी आल्यावर मी आप्पांना हे सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "आसंल. पण नियम नियम हाय."

* * *

यंदाच्या रॅलीआधी समितीची बैठक झाली. रविवारी सकाळी, सोसायटीच्या ऑफिसात. टेबलाच्या पलीकडं आप्पा, बबनमामा, आणखी दोघं, आणि मानाच्या खुर्चीत तात्या. अलीकडं मी. दाराजवळ काकी आणि रेहाना.

टेबलावर टाइप केलेला कागद. मागच्या वर्षी शिस्त मोडल्याबद्दल दिलगिरी, आणि यापुढं कोणत्याही कारणास्तव टेम्पोच्या पुढं जाणार नाही, असं लिहिलेलं. खाली सहा नावं. पाच सह्या झालेल्या.

रेहानाची सही होती. मी तिच्याकडं बघितलं, तिनं खाली बघितलं. समोर बसलेल्या सगळ्यांच्या गाड्या तिच्या वडिलांच्या गॅरेजात येतात.

काकीचीही सही होती. पण ते अक्षर आप्पांचं होतं.

"कर सही," आप्पा म्हणाले. "आन् न्हाई केली तर किल्ली ठेव हितं. गाडी माझ्या नावावर हाय." त्यांनी टेबलावरून हात पुढं केला, तळवा वर करून.

"आप्पा, 'कोणत्याही कारणास्तव' म्हणजे काय? कुणी पडलं तरी?"

"पडलं तर फोन करायचा."

"तुम्ही उचलला नव्हता."

"उलट बोलू नकोस. आख्ख्या शिरूरपुढं शोभा केलीस रॅलीची. आमच्या येळंला फुलं बगायला बी मिळाली न्हाईत!"

मी तात्यांकडं वळले. "तात्या, तुम्ही सांगा ना यांना. गुरुजींच्या स्कूटरचं."

तात्यांनी आप्पांकडं बघितलं. मग खिडकीकडं. "आशे," ते म्हणाले, "कर की सही. कागद तर हाय. काय जातंय तुझं?"

हे मात्र मला अपेक्षित नव्हतं. आप्पांचा राग मला नेहमी येतो, तो पचतो. पण ज्या माणसाला मी पाठीशी बांधून नेलं, ज्याच्या छातीची धडधड माझ्या पाठीला कळत होती, त्यानं असं म्हणावं?

"बरं," मी म्हणाले. "करते. फक्त एवढं सांगा, तात्या. यंदा तुम्ही पुन्हा दत्तूभाऊंच्या मागं बसणार. पुन्हा पडलात, तर मी टेम्पोच्या मागं थांबू ना? तुम्ही एकदा 'थांब' म्हणा. मी लगेच सही करते."

तात्यांचा डावा हात उजव्या मनगटावर गेला. ते अजून नीट वळत नाही.

बबनमामांनी तोंड उघडलं आणि मिटलं.

मी कागद उचलला आणि त्यांच्या बाजूला सरकवला. पेन त्याच्यावर ठेवलं. किल्ली माझ्या मुठीत होती.

"मी सही करणार नाही. किल्ली देणार नाही. उद्या मला फर्स्ट शिफ्ट आहे. आणि रॅलीत कुणी पडलं, तर मी पुन्हा पुढं जाणार, हॉर्न वाजवत. पडलेला कोण आहे, ते विचारणार नाही."

आप्पांचा हात तसाच पुढं होता, तळवा वर.